लिनक्स कर्नल : ड्रायव्हर-बदलांचे विलीनीकरण

संगणकाच्या प्रचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल होय. प्रक्रियक, स्मृती, पडदा, कळफलक, नेटवर्क कार्ड इ. यंत्रभाग आणि वापरणाऱ्याच्या आज्ञावली यांच्यामधील सर्व व्यवहार कर्नलमार्फत चालतो. कर्नलच्या ज्या भागात एखाद्या विशिष्ट यंत्रभागाशी बोलण्याचे ज्ञान साठविलेले असते, त्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्स हे मुक्त स्रोत कर्नल आहे. म्हणजे त्याची माणसाला वाचता येणारी मूळ संहिता सर्वांना खुली असून ती कोणालाही तपासता, बदलता व पुन्हा वाटता येते. या संहितेच्या सुमारे ४ कोटी ओळींपैकी निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. जगभरच्या शेकडो कंपन्यांतील व कंपन्यांबाहेरील कर्त्यांनी सुचविलेले ड्रायव्हरांतील बदल एकमेकांशी न भांडता एकाच मुख्य संहितेत कसे येतात, हा संगणक-अभियांत्रिकीइतकाच सहकारी संघटनेचाही प्रश्न आहे. प्रस्तुत नोंदीत त्या पद्धतीचा इतिहास दिला आहे.

पूर्वेतिहास : फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स (२८ डिसेंबर १९६९– ) यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक प्रचालन प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ०.०१ या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या आणि ती टोरव्हाल्ड्स यांच्या स्वतःच्या संगणकातील मोजकेच यंत्रभाग ओळखत असे. १९९२ मध्ये तिला जीएनयू सार्वजनिक परवाना लागू करण्यात आला. या परवान्यानुसार बदललेली संहिता दुसऱ्याला देताना तिचे मूळ रूपही द्यावे लागते. १४ मार्च १९९४ रोजी निघालेल्या १.० या आवृत्तीत १,७६,२५० ओळी होत्या.

आरंभीच्या काळात ज्याच्याजवळ जे कार्ड असेल, तो त्याचा ड्रायव्हर लिहीत असे आणि तो टोरव्हाल्ड्स यांच्याकडे पाठवीत असे. जुन्या व नव्या संहितेतील फरक दाखविणाऱ्या अशा छोट्या मजकुराला पॅच म्हणतात. पॅच वाचावयाचा, पटला तर हाताने मुख्य संहितेत जोडावयाचा आणि पुढील आवृत्ती प्रसिद्ध करावयाची, असा साधा क्रम होता. काम वाढू लागले तसे वेल्समधील ॲलन कॉक्स यांच्यासारखे विश्वासू सहकारी आपापल्या विषयातील पॅच आधी तपासून मग पुढे पाठवू लागले. कर्नलच्या एकेका भागाची अशी जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीला अनुरक्षक म्हणतात. कोणता भाग कोणाकडे आहे याची यादी संहितेतच ठेवण्याची प्रथा पडली व ती आजही चालू आहे.

विलीनीकरणाचा पेच : १९९८ च्या सुमारास ही व्यवस्था अपुरी पडू लागली. एका माणसाकडे येणाऱ्या पॅचची संख्या त्याच्या वाचण्याच्या शक्तीपलीकडे गेली. काही पॅच उत्तराविना गळून पडत. त्यांचे कर्ते ते पुनःपुन्हा पाठवीत, आणि दरम्यान मूळ संहिता बदललेली असल्याने ते जुळत नसत. २००२ च्या जानेवारीत, केवळ पॅच गोळा करून जुळविण्यासाठी एक स्वतंत्र व्यक्ती नेमावी, अशी सूचना पुढे आली. ती मान्य झाली नाही, परंतु तिच्यामुळे झालेल्या चर्चेत एक गोष्ट स्पष्ट झाली. टोरव्हाल्ड्स यांना हजारो अनोळखी कर्त्यांचे पॅच वाचणे शक्य नव्हते. त्यांना थोड्या माणसांवर विश्वास ठेवणे शक्य होते, आणि त्या माणसांनी आणखी थोड्यांवर विश्वास ठेवावयाचा होता. पुढील सर्व रचना या तत्त्वावर उभी राहिली.

फेब्रुवारी २००२ पासून संहितेचा इतिहास ठेवण्यासाठी बिटकीपर ही खाजगी मालकीची प्रणाली वापरण्यात येऊ लागली. तिचा विनामूल्य वापर करण्याची सवलत एप्रिल २००५ मध्ये काढून घेण्यात आली. तेव्हा टोरव्हाल्ड्स यांनी काही दिवसांत गिट ही नवी प्रणाली लिहिली. जून २००५ मधील २.६.१२ ही गिटच्या साह्याने प्रसिद्ध झालेली पहिली कर्नल आवृत्ती होय. गिटमध्ये प्रत्येक कर्त्याजवळ संपूर्ण इतिहासासह संहितेची स्वतंत्र प्रत असते. अशा प्रतीला वृक्ष व तिच्यातील कामाच्या वेगळ्या ओघाला शाखा म्हणतात. दोन शाखा एकत्र आणण्याच्या क्रियेला विलीनीकरण असे नाव आहे. पूर्वी अपवादाने होणारे हे काम गिटमुळे रोजचे झाले.

संहितेच्या मालकीविषयी २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या खटल्यानंतर, २००४ पासून प्रत्येक पॅचखाली कर्त्याने व तो पुढे नेणाऱ्या प्रत्येक अनुरक्षकाने सही करण्याचा नियम झाला. त्यामुळे कोणतीही ओळ कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे नंतर पाहता येते.

कार्यपद्धती : नवी आवृत्ती साधारणतः नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. पहिल्या दोन आठवड्यांत विलीनीकरणाचे दार उघडे असते. या अवधीत अनुरक्षक आपापल्या वृक्षात आधीच गोळा करून तपासलेले बदल टोरव्हाल्ड्स यांना घेण्याची विनंती करतात. त्यानंतर दार बंद होते आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे सात किंवा आठ चाचणी-आवृत्त्या निघतात. त्यांत फक्त दुरुस्त्या घेतल्या जातात. एका आवृत्तीत सामान्यपणे दहा हजारांहून अधिक बदल येतात. दार उघडे असताना प्रथमच एखादा ड्रायव्हर दाखविणे व्यर्थ असते, कारण तो त्याआधी कित्येक आठवडे परीक्षणातून गेलेला असावा अशी अपेक्षा असते.

वेगवेगळ्या वृक्षांतील बदल एकत्र आल्यावर काय होईल, हे दार उघडण्यापूर्वीच कळावे म्हणून ऑस्ट्रेलियातील स्टीफन रॉथवेल यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये 'लिनक्स-नेक्स्ट' हा वृक्ष सुरू केला आणि तो दीर्घकाळ सांभाळला. त्यात शेकडो अनुरक्षकांच्या शाखा कामाच्या दिवशी रोज एकत्र करून संहिता जुळते की नाही ते पाहिले जाते. दोघांनी एकच ओळ दोन प्रकारे बदलली असेल, तर तो विरोध तेथे उघड होतो व संबंधितांना कळविला जातो.

ड्रायव्हरच्या बाबतीत खरी अडचण अशी की, एकच यंत्रभाग पुष्कळदा अनेक अनुरक्षकांच्या हद्दीत येतो. उदा., मोबाइलमधील वीजव्यवस्थापनाच्या एका लहानशा चिपमध्ये व्होल्टता नियंत्रक, बॅटरी भारित करणारा भाग, घड्याळ आणि चालू-बंद करण्याची कळ अशा चार गोष्टी असतात. कर्नलमध्ये या चारही गोष्टींची खाती निराळी आहेत व अनुरक्षकही निराळे. चिपचा मध्यवर्ती ड्रायव्हर पाचव्या खात्यात जातो आणि ती चिप कोणत्या फलकावर कशी जोडली आहे याचे वर्णन सहाव्या. घड्याळाचा भाग मध्यवर्ती भागाच्या आधी पोहोचला, तर संहितेचे भाषांतर यंत्रभाषेत होऊच शकत नाही.

यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिल्यात सर्व बदल एकाच अनुरक्षकाच्या वृक्षातून जातात व इतर अनुरक्षक आपली संमती लेखी नोंदवितात. दुसऱ्यात एक अनुरक्षक फक्त सामाईक बदल असलेली एक छोटी शाखा तयार करतो, ती यापुढे बदलणार नाही असे वचन देतो आणि इतर अनुरक्षक तीच शाखा आपापल्या वृक्षात ओढून घेतात. बदल अक्षरशः एकच असल्याने गिट त्यांना दोनदा मोजत नाही. तिसऱ्यात सामाईक भाग एका आवृत्तीत व उरलेले भाग पुढच्या आवृत्तीत घेतले जातात. हा मार्ग सर्वांत सुरक्षित, पण सुमारे अडीच महिने विलंब करणारा आहे.

प्रत्येक टप्प्यावर संहिता चालू स्थितीत असली पाहिजे, हा आग्रह केवळ शिस्तीपुरता नाही. एखादा दोष कोणत्या बदलामुळे शिरला, हे शोधताना इतिहासाचे निम्मे-निम्मे भाग करून चाचणी घेतली जाते. या रीतीने १३,००० बदलांमधून दोषी बदल सुमारे १४ चाचण्यांत सापडतो. मधला एखादा टप्पा मोडका असेल, तर हा शोध तेथेच अडतो.

कर्नलच्या अंतर्गत जोडण्या कायम राहतील अशी हमी दिली जात नाही. त्या सुधारण्याचे स्वातंत्र्य राखून ठेवलेले आहे. मात्र जो जोडणी बदलेल, त्यानेच ती वापरणारे मुख्य वृक्षातील सर्व ड्रायव्हर दुरुस्त करावयाचे, असा दंडक आहे. त्यामुळे मुख्य वृक्षात आलेला ड्रायव्हर त्याचा मूळ कर्ता निघून गेला तरी पुढील बदलांबरोबर चालत राहतो. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला हे संरक्षण मिळत नाही. तसेच पूर्वी चालत असलेले वापरणाऱ्याचे काम नव्या आवृत्तीमुळे बंद पडता कामा नये, हा टोरव्हाल्ड्स यांचा सर्वांत कडक नियम आहे.

एआरएम प्रक्रियकांचा प्रश्न : मोबाइलांत वापरल्या जाणाऱ्या एआरएम जातीच्या प्रक्रियकांनी या व्यवस्थेची मोठी कसोटी घेतली. प्रत्येक चिप-उत्पादक आपल्या प्रत्येक फलकाची माहिती कर्नलच्या संहितेत स्वतंत्रपणे लिहून पाठवीत असे. एकमेकांशी न बोलता केलेल्या या कामामुळे सारख्याच गोष्टी अनेकदा लिहिल्या गेल्या आणि विलीनीकरणाच्या वेळी विरोध उद्‌भवू लागले. मार्च २०११ मध्ये टोरव्हाल्ड्स यांनी याबद्दल तीव्र शब्दांत नाराजी व्यक्त केली. परिणामी त्याच वर्षी आर्न्ड बर्गमान, ओलोफ योहान्सन इत्यादींनी सर्व एआरएम चिपांचे बदल प्रथम एकत्र तपासणारा सामाईक वृक्ष सुरू केला. फलकांचे वर्णन संहितेतून काढून 'डिव्हाइस ट्री' नावाच्या निराळ्या तक्त्यांत लिहिण्यास चालना मिळाली. डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून अनेक उत्पादकांच्या एआरएम फलकांवर एकच कर्नल चालविणे शक्य होऊ लागले. परस्परांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांना एका पंक्तीत बसविण्याचे हे काम तांत्रिक दृष्ट्या जितके, तितकेच संघटनेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

महाराष्ट्रातील कार्य : कर्नलच्या विकासात पुण्यातील अभियंत्यांचा वाटा आहे. त्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे केजीडीबी हे कर्नलमधील दोष शोधण्याचे साधन होय. दुसऱ्या संगणकावरून चालत्या कर्नलला थांबवून त्याची आतील स्थिती पाहण्याची सोय या साधनाने होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यास ती फार उपयोगी पडते. डेव्हिड ग्रोथ व टिग्रान ऐवाझ्यान यांच्या मूळ कामावर अमित काळे यांनी पुढे मोठी भर घातली. संहितेतील स्वामित्वाच्या नोंदींत व्हेरिटास (२०००-०१) आणि पुण्याची लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज (२००४–०६) या कंपन्यांची नावे आढळतात.

हे साधन मात्र दीर्घकाळ मुख्य वृक्षाबाहेरच राहिले. दोष शोधण्याच्या अशा साधनाने माणूस संहिता समजून घेण्याऐवजी वरवरची मलमपट्टी करतो, असे टोरव्हाल्ड्स यांचे मत होते व ते त्यांनी २००० मध्ये स्पष्टपणे मांडले होते. परिणामतः कर्नलची प्रत्येक नवी आवृत्ती निघाली की हे साधन तिच्याशी नव्याने जुळवावे लागे. त्याचे एकाहून अधिक अवतार निर्माण झाले. ते एकत्र आणण्याचे काम टॉम रिनी व नंतर जेसन वेसल यांनी केले. २००८ च्या आरंभी इंगो मोल्नार यांनी त्यातील वादग्रस्त भाग वगळून त्याचे सुटसुटीत रूप पुढे मांडले आणि १३ जुलै २००८ रोजी निघालेल्या २.६.२६ या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. एखादे काम उपयुक्त असणे आणि ते मुख्य वृक्षात येणे यांमध्ये किती अंतर असू शकते, हे यावरून दिसते. समावेशासाठी त्याचा आकार कमी करावा लागला, इतर भागांवरील त्याचा परिणाम मर्यादित ठेवावा लागला आणि पुढील देखभालीची हमी देणारा अनुरक्षक असावा लागला.

याच्या उलट अनुभव नेटझेन कंपनीच्या १ व १० गिगाबिट ईथरनेट कार्डांच्या ड्रायव्हरचा आहे. काळे यांनी पाठविलेला हा ड्रायव्हर नेटवर्क-ड्रायव्हरांचे तत्कालीन अनुरक्षक जेफ गार्झिक यांच्या वृक्षातून गेला आणि फेब्रुवारी २००७ मधील २.६.२० या आवृत्तीत आला. पुढे धनंजय फडके यांनी त्याच्या देखभालीचे काम केले. २००९ मध्ये नेटझेन कंपनी क्यूलॉजिकने विकत घेतली. क्यूलॉजिक २०१६ मध्ये कॅव्हियमकडे व कॅव्हियम २०१८ मध्ये मार्व्हेलकडे गेली. कंपनीची मालकी अशी बदलत गेली, तरी ड्रायव्हर मुख्य वृक्षातच राहिला आणि अंतर्गत जोडण्या बदलत गेल्या तसतसा तो इतरांच्या हातून सुधारला गेला. ज्यांनी ते कार्ड विकत घेतले होते, त्यांना उत्पादक कंपनीच्या भवितव्यावर अवलंबून राहावे लागले नाही.

वृक्षाबाहेरील ड्रायव्हर : बाहेर राहिलेले ड्रायव्हर आत आणण्यासाठी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या देखरेखीखाली डिसेंबर २००८ मधील २.६.२८ या आवृत्तीपासून 'स्टेजिंग' हा कच्च्या ड्रायव्हरांचा विभाग सुरू झाला. तेथे अपुरी संहिता ठेवता येते, पण ती सुधारण्यास कोणी पुढे न आल्यास काढून टाकली जाते. अँड्रॉइडचे ड्रायव्हर २.६.२९ मध्ये या विभागात आले आणि देखभाल न झाल्याने फेब्रुवारी २०१० मधील २.६.३३ मधून वगळण्यात आले. त्यानंतर झालेल्या वाटाघाटींतून मार्च २०१२ मधील ३.३ या आवृत्तीत अँड्रॉइडची संहिता परत येऊ लागली. दोन वर्षांच्या त्या काळात जगातील कोट्यवधी मोबाइल मुख्य वृक्षापासून दूर गेलेल्या कर्नलवर चालत होते.

या दुराव्याची किंमत शेवटी वापरणाऱ्याला द्यावी लागते. वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजारसारख्या बाजारगावात विकला जाणारा स्वस्त अँड्रॉइड मोबाइल हेल्सिंकीत सुरू झालेल्या याच कर्नलवर चालतो. त्यातील कॅमेरा, पडदा व रेडिओ यांचे ड्रायव्हर पुष्कळदा चिप-उत्पादकाने मुख्य वृक्षाबाहेर लिहिलेले असतात. कर्नलची नवी आवृत्ती निघाली की हे ड्रायव्हर तिच्याशी जुळत नाहीत. ते जुळविण्याचा खर्च उत्पादक थोडीच वर्षे करतो. त्यानंतर मोबाइलचे यंत्रभाग धडधाकट असूनही त्याला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणे थांबते. सोयाबीन किंवा तुरीचे पैसे ज्या मोबाइलवरून पाहिले जातात व दिले-घेतले जातात, त्या मोबाइलच्या बाबतीत ही उणीव गौण म्हणता येत नाही. हे अंतर कमी करण्यासाठी गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून उत्पादकाचा भाग व सामाईक भाग यांची फारकत केली. पुढे अँड्रॉइड १२ च्या वेळी, ५.१० या कर्नल-आवृत्तीपासून, नव्या मोबाइलांत सर्वांसाठी एकच सामाईक कर्नल व उत्पादकाचे ड्रायव्हर निराळे, अशी अट घातली. या उपायाने प्रश्न सौम्य झाला आहे. ड्रायव्हर मुख्य वृक्षात येण्याची गरज त्यामुळे संपलेली नाही.

विश्वास व वाद : विश्वासाच्या साखळीवर चालणारी व्यवस्था विश्वासभंगाने हादरते. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासासाठी हेतुतः सदोष पॅच पाठविल्याचे उघड झाल्यावर एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणे थांबविण्यात आले व पूर्वीच्या बदलांची फेरतपासणी करावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या कारणास्तव रशियाशी संबंधित सुमारे डझनभर व्यक्तींची नावे अनुरक्षकांच्या यादीतून वगळण्यात आली. त्यांपैकी बहुतेक ड्रायव्हरांचे अनुरक्षक होते. संहिता सर्वांना खुली असली, तरी तिची जबाबदारी सांभाळणारी माणसे आपापल्या देशांच्या कायद्यांत बांधलेली असतात, हे या प्रसंगाने दाखविले. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून सी भाषेबरोबर रस्ट या भाषेलाही कर्नलमध्ये प्रवेश मिळाला. सी भाषेतील जोडणी बदलल्यास रस्टमधील ड्रायव्हर कोणी दुरुस्त करावयाचे, यावरून २०२५ मध्ये अनुरक्षकांत तीव्र मतभेद झाले. जो बदलेल त्याने दुरुस्त करावे, या जुन्या दंडकाचाच अर्थ त्यात पणाला लागला होता.

अनुरक्षकांवरील कामाचा ताण हा कायमचा प्रश्न आहे. पॅच लिहिणाऱ्यांची संख्या वाढते त्या प्रमाणात ते तपासणारे वाढत नाहीत. अनेक लहान ड्रायव्हरांना नावापुरताच अनुरक्षक असतो व काहींना तोही नसतो. कंपन्या आपला ड्रायव्हर आत नेण्यासाठी वेतन देतात, परंतु दुसऱ्याच्या ड्रायव्हरचे परीक्षण करण्यासाठी वेतन मिळणारे थोडे असतात.

महत्त्व : नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील सर्वच संगणक लिनक्सवर चालतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये कार्यान्वित झालेला, पावसाच्या पूर्वानुमानासाठी वापरलेला 'प्रत्यूष' हा महासंगणक आणि प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅक) 'परम सिद्धी-एआय' हे या यादीत आलेले महाराष्ट्रातील संगणक होत. महासंगणकापासून खेड्यातील मोबाइलपर्यंत एकाच संहितेचा वापर होऊ शकतो, याचे कारण तिच्यातील ड्रायव्हर वेगवेगळ्या हातांनी लिहिले जात असले, तरी ते एकाच वृक्षात, ठरलेल्या वेळी आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या तरी सहीने विलीन होतात, हे आहे.